शहजादा आणि टांगेवाला

वऱ्हाड नावाचा प्रांत आज नकाशावर नाही. १८५३ साली निजामाने तो कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने देऊन टाकला आणि पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. सरकारी दप्तरात आता अमरावती विभाग तेवढा उरला आहे. परंतु एका धंद्याने जुना प्रांत अजून सोडलेला नाही. तो धंदा सिनेमाचा. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे भाग पाडले गेले, त्यांतल्या एकाचे नाव आजही 'सी.पी. बेरार' असेच आहे. भुसावळला या भागातील सिनेमावाल्यांची संघटना आणि अमरावतीला वितरकांच्या कचेऱ्या, अशी जुनी व्यवस्था. अमरावतीहून निघालेल्या रिळांच्या पेट्या अकोला-यवतमाळलाच नव्हे, तर जबलपूर-रायपूरकडेही जात. अमरावती शहराच्या अंगावर या धंद्याच्या खुणा आहेत. चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक, प्रभात चौक ही नावे टॉकीजवरून पडली. टॉकीज चालू असो की बंद, पत्ता सांगताना आम्ही तिचेच नाव घेतो.

या पेट्यांतून अर्धशतकभर एक माणूस आमच्या मोहल्ल्यांत येत राहिला. पडद्यावर त्याचे नाव दिलीपकुमार. पण वऱ्हाडातल्या मुस्लिम वस्तीत तो बहुतेकदा युसुफ म्हणूनच ओळखला गेला. जणू चुलत्याचा मुलगा मुंबईला जाऊन मोठा झाला आहे. ईदची नमाज झाली, शिरखुर्मा झाला की तरुण पोरे टॉकीजच्या रांगेत उभी राहत. बायकांसाठी वेगळी बसायची सोय असे, तिथे बुरख्यातल्या आया-बहिणी दाटीने बसत. लहान पोरांना कथा कळत नसे, पण आई रडते आहे एवढे कळे. हे प्रेम कशावर होते, आणि त्याच्या कोणत्या चित्रपटांवर आमचा खरा हक्क आहे, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. हा हिशेब सिनेमाचा आहे तितकाच आमच्या सामाजिक इतिहासाचाही आहे.

युसुफ खान यांचा जन्म ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजाराजवळ झाला. वडील गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. धंद्यासाठी कुटुंब मुंबईला आले आणि काही वर्षे नाशिकजवळच्या देवळालीत राहिले. युसुफ तिथल्या बार्न्स स्कूलमध्ये शिकले, पुढे मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाममध्ये. तरुणपणी वडिलांशी खटका उडाला म्हणून पुण्याला गेले आणि लष्करी कँटीनमध्ये नोकरी केली, सँडविच विकले. म्हणजे जो मनुष्य पुढे पडद्यावर शहजादा झाला, त्याने महाराष्ट्राच्या मातीत फळांच्या पेट्या पाहिल्या होत्या आणि गिऱ्हाईकही सांभाळले होते. आई आयेशा बेगम यांची कबर देवळालीतच आहे. १९४७ नंतर 'तुम्ही कुठले?' असे ज्यांना विचारले गेले, त्यांच्यासाठी ही लहानशी गोष्ट नाही.

बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणींनी त्यांना नोकरी दिली, नाव बदलायला सुचवले आणि १९४४ साली 'ज्वार भाटा' आला. वडिलांना सिनेमाचा धंदा पसंत नव्हता, त्यामुळे नवे नाव आडोसा म्हणूनही उपयोगी पडले. तिथे त्यांना अशोककुमार भेटले. अशोककुमार खंडव्याला वाढलेले. खंडवा त्या काळी आमच्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात. पुढे तर अकोल्याहून मेळघाटातून मीटरगेजची गाडी खंडव्याला जात असे. अभिनय करायचा म्हणजे अभिनय करायचा नाही, त्या प्रसंगात तुम्ही प्रत्यक्षात जसे वागाल तसे वागा, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी या नवशिक्याला दिला. नाटकी हातवारे आणि वाक्यफेक यांची सवय असलेल्या प्रेक्षकापुढे एक माणूस हळू बोलू लागला, मध्येच थांबू लागला. 'जुगनू' (१९४७), 'शहीद' (१९४८), 'अंदाज' (१९४९), 'दीदार' (१९५१), 'दाग' (१९५२) असे एकामागून एक चित्रपट आले. फिल्मफेअरचा उत्तम अभिनेत्याचा पहिलाच पुरस्कार 'दाग'साठी त्यांना मिळाला.

नावाच्या बदलाची चर्चा आमच्याकडे फार झाली आहे. काहींना त्यात कमीपणा वाटतो. जरा बाहेरच्या जगाकडे पाहावे. समीक्षक दिलीपकुमारांची तुलना हॉलिवूडच्या पॉल मुनीशी करीत आले आहेत. हा मुनी जन्माने पूर्व युरोपातला ज्यू, मूळ नाव मेशिलेम वाइझेनफ्रॉइंड. न्यूयॉर्कच्या यिडिश रंगभूमीवर तो घडला आणि हॉलिवूडमध्ये नवे नाव घेऊन आला. पडद्यावर त्याने कैदी केला, खाणकामगार केला, 'द गुड अर्थ' (१९३७) मध्ये चिनी शेतकरी केला. इमॅन्युएल गोल्डनबर्गचा एडवर्ड जी. रॉबिन्सन झाला तोही असाच. अल्पसंख्य समाजातल्या नटाने बहुसंख्यांना पचेल असे नाव घ्यावे, ही त्या काळच्या बाजाराची अट होती, मग तो बाजार लॉस एंजेलिसचा असो की मुंबईचा. प्रश्न एवढाच उरतो, की ते नाव घेऊन त्या नटाने पडद्यावर कोणाचे जिणे मांडले.

आता शहजाद्याकडे येऊ. ५ ऑगस्ट १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य होऊन तीन महिने झाले होते, तेव्हा मुंबईच्या मराठा मंदिरात के. आसिफ यांचा 'मुगल-ए-आझम' लागला. पृथ्वीराज कपूर अकबर, मधुबाला अनारकली, दिलीपकुमार सलीम. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत देवदास, शंकर, गंगाराम, राम, श्याम, गोपी अशी नावे घेणाऱ्या या नटाची ठळक मुस्लिम भूमिका ही एकच. आमच्या समाजाने ती छातीशी धरली यात नवल नाही. नुकतीच फाळणी होऊन गेली होती. वऱ्हाडात तर दुहेरी सावली. एक पाकिस्तानची, दुसरी निजामाची. कारण कागदोपत्री वऱ्हाडावर निजामाचा हक्क शेवटपर्यंत होता आणि १९३६ च्या करारानंतर त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला होता. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मान खाली घालून वावरणाऱ्या समाजाला पडद्यावर एक मुसलमान नायक ताठ मानेने, सुंदर उर्दूत, बादशहाला जाब विचारताना दिसला. त्या तीन तासांत लोकांना काय मिळाले असेल, हे ज्याने तो काळ पाहिला त्यालाच कळेल. २००४ साली हा चित्रपट संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा नातवांनाही त्याची ओळख झाली.

पण इतिहास म्हणून पाहिले तर काय दिसते? अनारकलीचा उल्लेख जहांगीरने आपल्या आठवणींत केलेला नाही. तिची कहाणी घराघरात पोचली ती इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या नाटकामुळे. याउलट खरे मुगल शहजादे आमच्या वऱ्हाडात येऊन गेले, आणि त्यांची आठवण कोणी काढीत नाही. १५९६ साली चांदबिबीशी तह होऊन वऱ्हाड अकबराकडे आले. सलीमचा धाकटा भाऊ मुराद सुभेदार म्हणून इथे होता. त्याने बाळापूरजवळ शहापूर नावाचे ठाणे वसवले. १५९९ साली, ऐन तारुण्यात, दारूने तो गेला. त्याच्यामागून दुसरा भाऊ दानियाल दख्खनेत आला. तोही १६०५ साली बुऱ्हाणपुरात त्याच व्यसनाने गेला. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची, महसुलाची तपशीलवार नोंद आहे. तो महसूल कोण भरत होते? शेतकरी, विणकर, कागद करणारे कागदी, कापूस पिंजणारे पिंजारी. बाळापूर एके काळी कापडासाठी आणि कागदासाठी प्रसिद्ध होते. आज वऱ्हाडात जे मुसलमान राहतात, त्यांतले बहुतेक या हातांचे वंशज आहेत. मुरादचा वंश बाळापुरात राहिला नाही, कारागिरांचा राहिला.

म्हणून आमच्या मते, वऱ्हाडी मुसलमानाचा खरा दिलीपकुमार पाहायचा तर 'मुगल-ए-आझम'च्या तीन वर्षे आधी जावे लागते. १९५७ साली बी. आर. चोप्रांचा 'नया दौर' आला. यातला शंकर टांगेवाला आहे. गावातल्या लाकूड कारखान्याच्या मालकाचा मुलगा शहरातून येतो, यांत्रिक करवत आणतो आणि माणसांना कामावरून काढतो. मग त्याच रस्त्यावर मोटार-बस सुरू करतो आणि टांगेवाल्यांच्या घोड्यांचा दाणा तुटतो. शंकर पैज लावतो. गाव जवळचा रस्ता खणते आणि शर्यतीत टांगा बसच्या पुढे निघतो.

ही गोष्ट वऱ्हाडाला सांगायची गरज नव्हती. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळले. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, अकोला-अमरावती-खामगावच्या बाजारांत कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. या भरभराटीत गावच्या हातरेच्याचे, चरख्याचे आणि मागाचे काम हळूहळू गेले. विणकर गिरणीत गेला, पिंजारी गाद्या-रजया भरत गावोगाव फिरू लागला. काहींनी टांगा घेतला. बडनेरा स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला अमरावतीत आणणे, अकोला स्टेशनावरून कापूस बाजारात व्यापाऱ्याला पोचवणे, यावर कितीतरी मुस्लिम घरांच्या चुली पेटत. पुढे एस.टी. आली, ऑटोरिक्षा आल्या आणि टांगाही गेला. टॉकीजच्या पुढच्या बाकांवर बसलेल्या टांगेवाल्याने शंकरची शर्यत पाहिली, तेव्हा त्याला निकाल ठाऊक होता. टॉकीजबाहेर जिंकणार होती ती बसच. तरीही तो पुन्हा पुन्हा तिकीट काढून येई. आपल्या कामाला इतक्या मोठ्या नटाने हात लावला, लगाम नीट धरला, घोड्याशी माणसासारखा बोलला, याचे मोल त्याला होते.

त्यानंतर १९६१ चा 'गंगा जमना'. निर्मिती दिलीपकुमारांची, दिग्दर्शन नितीन बोस यांचे, संवाद वजाहत मिर्झा यांचे, संगीत नौशाद यांचे. धाकट्या भावाचे काम त्यांचे सख्खे धाकटे भाऊ नासिर खान यांनी केले. जमीनदाराच्या जुलमाने डाकू झालेला गंगा आणि पोलीस अधिकारी झालेला जमना, ही कथा पुढे हिंदी सिनेमाने अनेकदा वापरली. आम्हाला त्यातली भाषा महत्त्वाची वाटते. नायक खेडवळ पूरबी बोलतो. तोपर्यंत खेडवळ बोली नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी असे. नायकाने शुद्ध हिंदुस्तानीच बोलावी असा दंडक. आम्ही वऱ्हाडी मुसलमान दोन्हीकडून बोलणी खाणारे. हैदराबाद-लखनौचे लोक आमच्या उर्दूला हसतात, पुण्या-मुंबईचे आमच्या मराठीला. घरातल्या बोलीत उर्दू क्रियापदाला वऱ्हाडी शब्द चिकटतो, तो शाळेत मास्तर खोडून टाकतात. अशा लोकांना देशातला सर्वांत नजाकतदार उर्दू बोलणारा नट, ठरवून, पदरचे पैसे घालून, खेड्याची भाषा बोलताना दिसला. बोलीची लाज वाटू नये, हा धडा कोणत्याही भाषणापेक्षा त्या चित्रपटाने जास्त दिला.

या चित्रपटाला सेन्सॉरने खूप अडवले. शेवटी दिलीपकुमारांनी पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली, तेव्हा तो सुटला. गंगा मरताना 'हे राम' म्हणतो. पेशावरच्या पठाणाच्या तोंडून हे शब्द आले आणि वऱ्हाडातल्या टॉकीजमध्ये हिंदू-मुसलमान दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. त्या अंधारात कोणी कोणाची जात विचारत नव्हते.

याच ओळीतले आणखी चित्रपट सांगता येतील. गिरणी कामगारांचा 'पैगाम' (१९५९), मजुरांच्या पुढाऱ्याचा तपन सिन्हांचा 'सगीना महातो' (१९७०). आणि मराठी वाचकाला विशेष सांगायचा तो यश चोप्रांचा 'मशाल' (१९८४), कारण त्याचे मूळ वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' या नाटकात आहे. रात्रीच्या निर्जन रस्त्यावर आजारी बायकोसाठी मदत मागत धावणारा म्हातारा संपादक ज्याने पाहिला, तो ते दृश्य विसरत नाही. मराठी नाटककाराचे बीज, जावेद अख्तरांची लेखणी आणि युसुफ खानांचा आवाज; आमच्या महाराष्ट्राची मिलीजुली तहजीब याहून वेगळी काय असते?

इथवरची गोष्ट पडद्यावरची झाली. पुढची पडद्याबाहेरची आहे आणि आमच्या पिढीसाठी तीच मोलाची. ७ ऑगस्ट १९९० रोजी केंद्र सरकारने मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याचे जाहीर केले. त्या शिफारशींत मुसलमानांतील मागास व्यावसायिक जमातीही होत्या. पण व्यवहारात अडचण अशी, की आमच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले. बागवान, अत्तार, तांबोळी, मण्यार, मोमीन, पिंजारी ही नावे गल्लीत सर्वांना ठाऊक, कागदावर कुठेच नाहीत. कागद नाही म्हणून जातीचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून सवलत नाही. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली होती. त्या चळवळीत दिलीपकुमार उतरले. नुसते नाव देऊन थांबले नाहीत, सभांना गेले, मंत्र्यांना भेटले. १९९४ साली राज्य सरकारने निर्णय काढला आणि दाखल्यांची वाट मोकळी झाली.

या चळवळीला आमच्यातूनच विरोध झाला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. इस्लाममध्ये जात नाही, मग ही फूट कशाला, असे अनेकांनी प्रामाणिकपणे विचारले. सय्यद-पठाण घराण्यांतल्या काहींना हा आपला अपमान वाटला. मशिदीत एका सफेत उभे राहणारे आम्ही सर्व बरोबरीचे, यात शंका नाही. पण मशिदीबाहेर लग्न जुळवताना, घर भाड्याने देताना, पंगतीत बसवताना काय होते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. धर्माने दिलेली बरोबरी समाजात उतरली नसेल, तर तिच्यासाठी कायद्याचा आधार घेणे धर्माविरुद्ध कसे? ज्याचे वडील फळे विकत, त्याला बागवानाचे दुःख समजावून सांगावे लागले नसावे. आणि ज्याला देश सलीम म्हणून ओळखतो, तोच माणूस व्यासपीठावर येऊन पिंजाऱ्याच्या पोराला दाखला द्या म्हणतो, तेव्हा पोराच्या बापालाही आपली जात सांगायची हिंमत येते. आज वऱ्हाडात कितीतरी घरांत डी.एड., अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन शिकलेली मुले-मुली आहेत, ज्यांच्या फायलीत हा दाखला आहे.

या माणसावरही संशय घेतला गेलाच. १९९८ साली पाकिस्तानने 'निशान-ए-इम्तियाज' हा किताब दिला. पुढच्या वर्षी कारगिल झाले आणि तो परत करा म्हणून शिवसेनेने गदारोळ उठवला. पद्मभूषण आणि दादासाहेब फाळके पुरस्कार ज्याला याच देशाने दिला होता, त्याला देशप्रेमाचा पुरावा मागितला गेला. ते पंतप्रधान वाजपेयींना भेटले. किताब ठेवण्यात गैर काही नाही असे वाजपेयींनी सांगितले. पुढे २००० ते २००६ ते राज्यसभेत होते. वऱ्हाडातल्या साध्या मुसलमानाला या प्रकारातून दोन गोष्टी कळल्या. युसुफ खानाला विचारतात, तर आपल्याला विचारणारच. आणि विचारले तरी ज्याने शांतपणे आपले काम केले, त्याला शेवटी लोक विसरत नाहीत. ७ जुलै २०२१ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. तिरंग्यात लपेटून, शासकीय इतमामात, जुहूच्या कब्रस्तानात त्यांना दफन केले गेले.

रिळांच्या पेट्यांचा जमाना संपला. सिनेमा आता तारेवाचून येतो. पडद्यावरचा मुसलमान आज बहुधा दोनच रूपांत दिसतो: एक तर क्रूर सुलतान, नाहीतर बंदूकधारी. सुलतानाला उत्तर म्हणून आमच्या पोरांनी पुन्हा शहजाद्याची तसबीर उंच धरावी, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. वऱ्हाडात शहजादे आले, गेले. त्यांच्या नावाने आम्हाला ना जमीन मिळाली, ना शाळा. आमची मिळकत म्हणजे टांगा हाकणारे, कापूस पिंजणारे, फळांची पाटी डोक्यावर घेणारे हात. दिलीपकुमारांनी पडद्यावर त्या हातांना प्रतिष्ठा दिली आणि पडद्याबाहेर त्यांच्यासाठी कागद मिळवून दिला. सुट्टीच्या दिवशी घरी मुलांना एखादा जुना चित्रपट दाखवायचा असेल, तर 'मुगल-ए-आझम' जरूर दाखवा. पण त्याआधी 'नया दौर' दाखवा, आणि आपल्या घरात टांगा कोणाचा होता, माग कोणाचा होता, हे त्यांना नाव घेऊन सांगा.